पंचवीस वॉट

कुडतरीहून टेम्पोत घालून आणला तेव्हा
त्याच्या पोटात मुंग्यांचं घर होतं,
सहा तारा तुटलेल्या, एका पायाखाली वीट.
इझिल्दाबाई मागून रिक्षात,
दर खड्ड्याला "सावकाश रे" म्हणत.
टेम्पोवाल्याला नव्हे. त्याला.

आजोबा पालखीचे दांडे कोरायचे,
बाप इगर्जेचे बाक.
मी हे.
यात देव बसत नाही, माणूसही नाही,
तरी दिवाणखान्यातली सगळ्यात मोठी भिंत याचीच असते.

आधी जुनी कातडी सोलायची.
पोलादी पात, हलका हात, रेषेच्या दिशेनं.
उलट गेलात की लाकूड लक्षात ठेवतं,
वर्षानं दाखवतं.
पुतू मेस्ताकडे शिकलो हे.
स्पिरिट मिळेना अशा एका साली
त्यानं चपडी लाख फेणीत भिजवून पाहिली होती.
लाख विरघळली नाही.
पुतू मेस्त विरघळला.

झाकणावर गोल डाग, पेल्याचा.
"हा काढू?"
"माझ्या दिराचा तो. काढ."
पलीकडे मेणबत्तीनं जळालेली बोटभर काळी रेघ.
"ही?"
बाई चष्मा काढून बघत राहिल्या.
"ही असू दे."
कारण त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
चार दिवस त्या रेघेच्या भोवतीनं बोळा फिरवला,
लाखेचा पातळ थर, वर थर, वर थर,
निजलेल्याला न उठवता
खोली झाडावी तसा.

हस्तिदंत अंधारात पिवळा पडतो.
बावन्न पांढऱ्या पट्ट्या काढून
अंगणात चटईवर मांडल्या,
शेजारी बायकोची सोलां वाळत.
एक कोंबडी गंधारावरून पंचमावर गेली.
काहीच वाजलं नाही.
पट्टी म्हणजे नुसती काठी,
आवाज दुसरीकडे राहतो.

पहिल्या पट्टीच्या कुशीला पेन्सिलीची अक्षरं:
ज. मास्कारेन्य, १९३४.
ज. मास्कारेन्य, १९५७, जरा थरथरलेलं.
खाली आणखी कुणी, नाव न घालता,
पोर्तुगीजमध्ये एवढंच: फार ओल.
मी माझं नाव घातलं, देवनागरीत,
आणि थोडी जागा सोडली.

सुराला मडगावचा लिगोरियो येतो.
एका कानानं ऐकत नाही.
म्हणतो, साक्षीदार एकच असला की भांडण होत नाही.
दोन दिवस तो किल्ली पिळत होता
आणि शेजारची पोरं
त्याच त्या एका स्वराला कंटाळून
शाळेत वेळेवर गेली.

परत पोचवला तेव्हा
आत खालच्या बाजूला एक दिवा बसवला,
पंचवीस वॉटचा, पिवळा.
"बाई, पावसात हा मालवायचा नाही. रात्रंदिवस.
आतली हवा कोरडी राहिली पाहिजे."
त्या म्हणाल्या, "आल्तारावरच्यासारखा."
मी म्हटलं, "अंडी उबवायच्या पेटीतल्यासारखा."
दोघांचंही बरोबर होतं.

ऑगस्टात रात्री साडेनऊला फोन.
"दुपारपासून वीज नाही. दिवा गेला.
झाकण लावू की उघडू?"
"उघडा. आणि वाजवा थोडं, हलतं राहू दे."
"मला कुठं येतं?
वाजवायची ती माझी बहीण.
मी मेणबत्ती धरायचे."

फोनमध्ये पावसाचा आवाज, खुर्ची सरकल्याचा.
मग एकच पट्टी.
बऱ्याच वेळानं पुन्हा तीच.

किंचित उतरली होती.
ते मी त्यांना सांगितलं नाही.
म्हटलं, "आणखी एकदा."